कुलूप यायच्या आधी किल्ली कोणी घडवली?

मास्तर_आर्णी
२८ फेब्रुवारी, रात्री ९.१२

राम राम मंडळी.

आज शाळेत विज्ञान दिन झाला. दरवर्षी खायचा सोडा अन् लिंबू घेऊन ज्वालामुखी करतो. पोरं त्याला कंटाळली, म्हणून यंदा कोरोनावर बोललो. ही नववीतली पोरं तेव्हा पार लहान होती, शाळा बंद होती एवढंच त्यांना आठवते. फळ्यावर गोळा काढला, त्याला काटे काढले, इंग्रजी वायच्या आकाराची अँटिबॉडी काढली अन् नेहमीचं वाक्य टाकलं : कुलपात किल्ली बसावी तशी अँटिबॉडी विषाणूच्या काट्यावर बसते, शरीर शत्रूला बरोबर ओळखते.

मागच्या बाकावर एक पोरगं आहे. फारसं बोलत नाही, शाळा सुटली की बकऱ्यांमागे जाते. ते उभं झालं. "सर, कुलूप तं नवीनच आलं होतं. मंग किल्ली आपल्या अंगात आधीच कोणी बनवून ठेवली? अन् कुलूप पाहून बनवली म्हणान, तं पाहाले डोये कुठी हायेत तिले?"

घंटी झाली म्हणून वाचलो. पण 'ओळखते' हा शब्द दातात अडकलेल्या सुपारीसारखा छळतो आहे. डोळे नाहीत, मेंदू नाही, मग ओळखते म्हणजे नेमकं काय करते? कोणी साध्या भाषेत सांगेल का? व्हिडिओ पाठवू नका, आमच्याकडे रेंज टेकडीवर चढल्यावर येते.

कापूसकोंड्या
रात्री ९.२०

पहिला नंबर. आता वाचतो.

कापूसकोंड्या
रात्री ९.२६

वाचलं. बकऱ्यावाल्याले पुढच्या बाकावर बसवा अन् पुस्तक लिवनाऱ्याले मांगच्या.

ठेचा_भाकर
रात्री ९.४१

आमच्या गावात कोणाले अँटिबॉडी-फिंटिबॉडी लागली नाही. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा अन् दिवसभर वावरात ऊन. हे सारे शहरातले चोचले होत.

वणीचा_वाघ
रात्री ९.४८

@ठेचा_भाकर, एप्रिल २०२१ मंदी तुमच्या गावात तपासणी किती जणांची झाली होती, ते सांगा आंधी. थर्मामीटर नसलेल्या घरात ताप नसतेच ना भाऊ.

कारंजेकरीण
रात्री १०.३०

मास्तर, मी मूळची कारंजा लाडची, आता पुण्यात प्रथिनांच्या प्रयोगशाळेत काम करते. तुमच्या विद्यार्थ्याने जिथे बोट ठेवलं, तिथेच मोठमोठी माणसं बरीच वर्षं अडकली होती. एके काळी असंच मानायचे की अँटिबॉडी ओल्या मातीसारखी असते, शत्रूवर दाबली की त्याचा ठसा घेते. म्हणजे कुलूप पाहून किल्ली. ते चूक निघालं. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅकफर्लेन बर्नेट यांनी उलटं मांडलं : किल्ल्या आधीच असतात, कुलूप न पाहता घडवलेल्या, अंदाधुंद.

हाडांच्या मगजात बी पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी, तयार होतात, तेव्हा अँटिबॉडीच्या जनुकाचे तुकडे पत्ते पिसावेत तसे पिसून जोडले जातात. हे सुसुमु तोनेगावांनी दाखवलं, १९८७ चं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं. एका पेशीकडे एकाच नमुन्याची किल्ली. अशा कोट्यवधी पेशी अंगात फिरत असतात. बहुतेकींना जन्मभर एकही कुलूप भेटत नाही, तशाच मरून जातात. निव्वळ उधळपट्टी आहे ही.

कोरोना आला तेव्हा त्यातल्या मोजक्या पेशींच्या किल्लीला त्याचा काटा जरासा अडकला. घट्ट नाही, ढिलाच. ज्यांना अडकला त्या वाढल्या, बाकीच्या जिथल्या तिथे राहिल्या. तुम्ही फळ्यावर लिहिलेलं 'ओळखणं' ते एवढंच.

ढिली किल्ली घट्ट कशी होते, तेही सांगते. पायाला काही लागलं की जांघेत अवधान येतं ना? लस घेतल्यावर काहींच्या काखेत आलं होतं. त्या गाठीत ह्या पेशी भराभर वाढतात आणि वाढताना स्वतःच्या अँटिबॉडीच्या जनुकात चुका करत सुटतात. चुकून जास्त घट्ट बसणारी निघाली तर ती टिकते. ढिली पडली तर मरते. हे काही आठवडे नाही, काही महिने चालू राहतं.

कास्तकार_राळेगाव
रात्री १०.५२

म्हणजे आमचा आजा ज्वारीचं बियाणं ठेवायचा तसंच झालं. चांगलं कणीस पाहून वेगळं काढायचं, दरसाल.

कारंजेकरीण
रात्री १०.५८

@कास्तकार_राळेगाव, जवळजवळ. फक्त आजोबा पाहून निवडायचे. इथे पाहणारं कोणी नाही, दुष्काळच निवडतो.

कास्तकार_राळेगाव
रात्री ११.०१

दुष्काळ निवडते हे बाकी आम्हाले समजावून सांगायची गरज नाही.

आशाताई_धारणी
१ मार्च, सकाळी ६.४०

आता समजलं दुसरा डोस काऊन होता ते. मी मेळघाटात घरोघरी फिरली, कोरकूत समजावलं, हिंदीत समजावलं, मराठीत समजावलं. लोक म्हणत, एकदा टोचलं ना, आता पुन्हा काऊन? अन् कोव्हिशील्डचं अंतर आधी सहा-आठ आठवडे होतं, मंग मे २०२१ मध्ये बारा ते सोळा आठवडे झालं. लोक म्हणत, तुमचंच ठरत नाही. मले कोणी अवधानाची गोष्ट सांगतली असती तं मी दहा घरं जास्त केली असती.

शब्दपारखी
सकाळी ९.१५

एक सूचना. 'अँटिबॉडी'ला मराठीत 'प्रतिपिंड' हा शब्द आहे, 'प्रतिद्रव्य'ही आहे. मराठी संकेतस्थळावर तरी मराठी शब्द वापरावेत.

कापूसकोंड्या
सकाळी ९.१९

पिंड म्हटलं का आमच्या इकडे कावळा शोधा लागते.

शब्दपारखी
सकाळी ९.२२

:) प्रतिद्रव्य घ्या मग.

मास्तर_आर्णी
सकाळी ११.०५

कारंजेकरीण ताई, तुमचा प्रतिसाद रात्री टेकडीवर जाऊन वाचला, खरंच. आता दुसरा भाग. काटा म्हणजे काय अन् अँटिबॉडी त्याला पकडते कशाने? पोरं विचारतील, गोंद लागला असतो का.

कारंजेकरीण
दुपारी १.४०

जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

बाभळीचा काटा डोळ्यासमोर आणू नका. तीन पाकळ्यांचं कापसाचं बोंड आणा. तीन सारख्याच प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना वेढून उभ्या, प्रत्येकीत १,२७३ अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी, देठ विषाणूच्या आवरणात रोवलेला. प्रत्येक साखळीच्या वरच्या टोकाशी एक तुकडा आहे, आरबीडी म्हणतात त्याला, आपण पाकळी म्हणू. ही पाकळी कधी मिटलेली असते, कधी वर उठते. आपल्या पेशीवर एसीई-२ नावाचं प्रथिन असतं. पाकळी वर उठली तरच तिला ते धरता येतं, आणि धरलं की पुढे आत शिरायची तयारी.

आता ह्या बोंडाची लबाडी बघा. प्रत्येक साखळीवर बावीस ठिकाणी साखरेच्या रेणूंचे झुबके लटकतात. विषाणू आपल्याच पेशीत तयार होतो, म्हणून ती साखरही आपलीच. अँटिबॉडीचा हात त्यावरून घसरतो, खालचं प्रथिन झाकलेलं राहतं. पण पाकळीचं टोक झाकून चालत नाही, कारण त्यानेच तर एसीई-२ धरायचं आहे. चोराने अंगभर घोंगडं घेतलं तरी कडी काढायला हात बाहेर काढावा लागतो. तो हात सापडतो.

गोंद बिलकूल नाही. वायच्या दोन्ही टोकांना प्रथिनाची सहा-सहा वेटोळी असतात. ती काट्याच्या विसेक अमिनो आम्लांवर टेकतात. कुठे ऋण भारासमोर धन भार येतो, कुठे हायड्रोजन बंध जुळतो, कुठे दोन तेलकट भाग पाण्यापासून लपायला एकमेकांना बिलगतात. यातला एकेक धागा अगदी लेचापेचा. धोतराला गोखरू चिकटतं तसं आहे हे. एका आकड्याने काही होत नाही, सगळे मिळून असे धरतात की काढता काढत नाही. मात्र धोतर कोणतंही चालतं, इथे खाचेसमोर उंचवटा यावा लागतो.

वणीचा_वाघ
दुपारी २.१०

ताई, एक जुनी सल आहे. २०२१ मंदी कोव्हिशील्डचे दोन डोस घेतले अन् एका खाजगी लॅबमध्ये पैसे मोजून अँटिबॉडी टेस्ट केली. रिपोर्ट आला 'निगेटिव्ह'. पंधरा दिवस झोप नाही. बायको म्हणे, तुमच्या अंगाले लस बी लागत नाही. लॅबवाल्याले विचारलं तं म्हणे, मशीन सांगते ते आम्ही छापतो. हे काय होतं?

कारंजेकरीण
दुपारी ४.२५

@वणीचा_वाघ, रिपोर्टवर कुठे 'न्यूक्लिओकॅप्सिड' असं बारीक अक्षरात होतं का बघा. तेव्हाच्या बऱ्याच टेस्ट त्या प्रथिनावरच्या अँटिबॉडी शोधायच्या. ते प्रथिन विषाणूच्या पोटात असतं. कोव्हिशील्डमध्ये फक्त काट्याचा आराखडा आहे, पोटातलं काहीच नाही. त्यामुळे लस उत्तम लागली असेल तरी ती टेस्ट निगेटिव्हच येणार. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा मारलेला विषाणू, त्यात दोन्ही. तुम्ही कांद्याच्या बाजारात जाऊन तुरीचा भाव विचारलात, एवढंच.

आणि ह्यातूनच मूळ मुद्द्यावर येते. चिकटणं वेगळं, निष्प्रभ करणं वेगळं. बैलाची शेपटी धरली तरी बैल धरलाच म्हणायचा, पण थांबतो तो वेसण धरल्यावर. पोटातल्या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी विषाणूला पेशीत शिरण्यापासून अडवू शकत नाही, तिला ते प्रथिन बाहेर दिसतच नाही. काट्याच्या बुडाशी, आडबाजूला चिकटणाऱ्याही पुष्कळ असतात. त्या अगदीच वाया जात नाहीत, भक्षक पेशींना खूण म्हणून उपयोगी पडतात. पण ज्यांना न्यूट्रलायझिंग म्हणतात त्या वेसण धरणाऱ्या.

वेसणही एका जागी नाही. पाकळीला धरणाऱ्यांची ढोबळ चार घराणी मानतात. पहिल्या घराण्यातल्या अँटिबॉडी पाकळी वर उठली की नेमक्या एसीई-२ च्याच जागेवर बसतात. गंमत म्हणजे कितीतरी वेगवेगळ्या माणसांमध्ये ह्या जवळपास एकाच जनुकापासून निघाल्या, आणि त्यांना अवधानात फार घासावंही लागलं नाही. दुसरं घराणं पाकळी मिटलेली असो की उठलेली, धरतंच. ह्यातल्या काही तर दोन शेजारच्या पाकळ्यांवर आडव्या पडून बोंड फुटूच देत नाहीत, मला ह्या फार आवडतात. तिसरं बाजूने धरतं. चौथं पाकळीच्या आतल्या अंगाला, ती उठल्यावरच जी जागा उघडी पडते तिथे. आणि पाकळी सोडून शेजारच्या भागाला धरणाऱ्याही आहेत.

मोजायची पद्धत सोपी आहे, जागा तेवढी अवघड. पेशींचा पातळ थर घ्यायचा, जिवंत विषाणू आणि माणसाचा सीरम (रक्त गोठल्यावर वर उरतं ते पाणी) एकत्र करून त्यावर ओतायचा, काही दिवसांनी थरात किती भोकं पडली ते मोजायचं. सीरम किती पातळ केला तरी भोकं निम्म्यावर राहतात, तो आकडा खरा. जिवंत विषाणू असल्यामुळे हे बंदिस्त, खास सुरक्षेच्या प्रयोगशाळेतच करता येतं. तालुक्याच्या लॅबमध्ये होत नाही.

वणीचा_वाघ
दुपारी ४.४०

बायकोले वाचून दाखवलं. ती म्हणे, मी तेव्हाच म्हणत होती लॅब बोगस हाय. असं नव्हती म्हणत ती.

पुसदकर_डॉक्टर
संध्याकाळी ७.३०

मास्तर, तुमच्या पोरांना अँटिबॉडी बाटलीत दाखवता येईल. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस म्हणून जे ठेवतात ते अँटिबॉडीच आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चौघांचं विष घोड्याला थोडं थोडं टोचायचं आणि त्याच्या रक्तातून काढायचं. मुंबईचं हाफकिन हे काम कधीपासून करतं. विषाचा रेणू धरला की तो नसेला किंवा रक्ताला चावू शकत नाही. पेरणीच्या दिवसात आमच्याकडे आठवड्याला दोन-तीन येतात. लवकर आला तर माणूस चालत घरी जातो. मांत्रिकाकडे रात्र काढून आला तर बाटल्या ओतूनही झालेलं नुकसान मागे येत नाही.

गोधनी_रोड
संध्याकाळी ८.०५

डॉक्टरसाहेब, शेवटच्या वाक्यावर थांबलो.

एप्रिल २०२१ मध्ये बाबा नागपुरात भरती होते. नवव्या दिवशी सांगितलं, कोरोनातून बऱ्या झालेल्या कोणाचा प्लाझ्मा आणा. गाव सोडून शहरात कोणी ओळखीचं नव्हतं. तीन व्हॉट्सअॅप ग्रुप, शेवटी हिंगण्याहून एक अनोळखी मुलगा आला, रक्तगट जुळला, प्लाझ्मा चढला. बाबा तिसऱ्या दिवशी गेले. नंतर वाचलं की प्लाझ्माचा उपयोगच नव्हता. मग आम्हाला पळवलं कशाला? त्या मुलाचा नंबर अजून मोबाइलमध्ये आहे.

पुसदकर_डॉक्टर
रात्री ९.१०

गोधनी_रोड, वाईट वाटलं. आयसीएमआरने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी केली होती, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ती छापून आली : प्लाझ्माने मृत्यू कमी होत नाहीत. उपचारांच्या यादीतून तो निघाला मे २०२१ च्या मध्यात. मधल्या काळात सगळीकडे लिहून दिला जात होता. मी पण दोघांना लिहून दिला.

कारण सापाचंच. नवव्या दिवसापर्यंत बहुतेकांच्या अंगात स्वतःच्या अँटिबॉडी तयार झालेल्या असतात, आणि तोवर विषाणूपेक्षा शरीराची आग जास्त जाळत असते. शिवाय देणाऱ्याच्या प्लाझ्मात वेसण धरणाऱ्या किती, शेपटी धरणाऱ्या किती, हे मोजायची सोय बहुतेक ठिकाणी नव्हतीच. त्या मुलाला एकदा फोन करा. त्याचं काही चुकलं नव्हतं.

कास्तकार_राळेगाव
२ मार्च, सकाळी ७.१५

रात्रभर एक गोष्ट डोक्यात चालू आहे. बीटी पऱ्हाटीत जे प्रथिन असते ते अळीच्या आतड्यातल्या एका प्रथिनाला धरते अन् आतडं फाडते. २००२ मध्ये बीटी आलं, २००६ मध्ये दोन जनुकांचं आलं. २०१७ ले गुलाबी बोंडअळीने इथली बोंडं पोखरून टाकली. कृषी सहायकाने सांगतलं होतं, अळीने आतड्यातलं प्रथिनच बदललं, आता बीटीले धराले जागा नाही. कोरोनाचंही हेच ना?

कारंजेकरीण
सकाळी ८.५०

@कास्तकार_राळेगाव, तंतोतंत हेच, आणि तेही आपल्याच भागात. २२ फेब्रुवारी २०२१ ला अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागलं, आठवतं? मार्चमध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे बदल वाढले आहेत. म्हणजे साखळीतल्या ४८४ व्या आणि ४५२ व्या जागेचं अमिनो आम्ल बदललं. ४८४ वर मुळात ऋण भार होता. दुसऱ्या घराण्यातल्या अँटिबॉडी समोर धन भार ठेवून तिथेच धरायच्या. भार गेला, पकड सुटली. बॅमलॅनिव्हिमॅब नावाचं एकाच अँटिबॉडीचं औषध अशाच बदलांनी निकामी झालं, अमेरिकेने ते एकटं वापरायची परवानगी एप्रिल २०२१ मध्ये काढून घेतली. मग दोन वेगळ्या जागा धरणाऱ्या अँटिबॉडी एकत्र दिल्या. ओमायक्रॉन काट्यात तीसहून जास्त बदल घेऊन आला, त्यातले पंधरा पाकळीवर. ती जोडीही गेली.

एक फरक मात्र लक्षात घ्या. विषाणूला हवं तसं बदलता येत नाही. एसीई-२ धरता आलंच पाहिजे, नाहीतर अँटिबॉडी चुकवूनही उपाशी मरेल.

आणि मास्तर, हे त्या पोरासाठी राखून ठेवलं होतं. २००३ मध्ये सार्स नावाचा ह्याचा चुलतभाऊ आला होता. त्यातून बऱ्या झालेल्या एका माणसाच्या पेशीतून एक अँटिबॉडी काढली, एस३०९. ती २०१९ च्या नव्या विषाणूलाही घट्ट बसली, कारण तिने धरलेली जागा दोन्ही भावांत जवळपास सारखी होती. तिच्यापासून सोट्रोव्हिमॅब हे औषध झालं. म्हणजे किल्ली खरंच आधी होती, सोळा वर्षं आधी.

कास्तकार_राळेगाव
सकाळी ९.०५

बियाण्याच्या पिशवीसोबत बिगर-बीटीची १२० ग्रॅमची पुडी यायची, ती कडेने लावा म्हणत, अळी लवकर शिकू नये म्हणून. आम्ही साऱ्यांनी ती फेकली. एवढंच सांगतो.

कापूसकोंड्या
सकाळी ९.३०

वातावरण गंभीर झालं म्हणून विचारतो. घोड्याच्या अँटिबॉडी झाल्या, मंग उंटाच्या? दरसाल रबारी लोक मेंढ्या अन् उंट घेऊन आमच्या वावरात बसते.

कारंजेकरीण
सकाळी ९.४४

थट्टेत विचारलंत, पण उंटाच्या अँटिबॉडीच जगावेगळ्या आहेत. उंट आणि त्यांचे दक्षिण अमेरिकेतले भाऊबंद लामा यांच्यात नेहमीच्या अँटिबॉडीसोबत अर्धी अँटिबॉडीही असते, म्हणजे दोनऐवजी एकाच प्रकारची साखळी. टोक इतकं बारीक की इतरांचा हात जात नाही त्या खाचेत जातं. हे ब्रुसेल्समध्ये लक्षात आलं, १९९३ मध्ये छापलं गेलं. बेल्जियममधल्या विंटर नावाच्या एका लामाच्या रक्तातून कोरोनाचा काटा धरणारी अँटिबॉडी काढली होती, आणि तिलाही टोचलं होतं जुन्या विषाणूंचेच काटे.

कापूसकोंड्या
सकाळी ९.५०

रबाऱ्याले सांगू नका. भाडं वाढवन.

ठेचा_भाकर
रात्री १०.१५

पहिल्या दिवशी मीच बोललो होतो भाकरीचं. त्या वर्षी आमचा चुलता गेला. कागदावर न्युमोनिया लिवला होता. भाकर तोही खात होता. बाकी काही नाही.

मास्तर_आर्णी
४ मार्च, संध्याकाळी ६.२०

सगळ्यांचे आभार. आज पुन्हा तास घेतला. कुलूप-किल्ली फळ्यावरून पुसली. गोखरू पोरांनीच धुऱ्यावरून आणलं, शर्टाला लावून पाहिलं. वेसण सांगितली तेव्हा कोणाला जास्त समजावायची गरज पडली नाही. २००३ ची किल्ली सांगितल्यावर ते बकऱ्यावालं पोरगं गालात हसलं.

मग पुन्हा उभं झालं. "सर, किल्ल्या न पाहता बनते म्हणता, तं एखादी आपल्याच अंगाच्या कुलपात बसत असन ना?"

घंटी व्हायला वीस मिनिटं होती.

कारंजेकरीण
संध्याकाळी ७.०२

बसते. अशा बहुतेक पेशी मगजातच मारल्या जातात किंवा मुक्या केल्या जातात. काही निसटतात, आमवातासारखे आजार त्यातूनच. त्याला वेगळा धागा काढा, मी लिहीन.

आणि दहावीनंतर त्याला काय करायचं आहे, विचारून मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गंमत म्हणून म्हणत नाहीये.

कापूसकोंड्या
संध्याकाळी ७.०९

मंग बकऱ्या कोण चारन?